झाडपाल्याचे जेल जखमेवर चालते का?

हात कापला, पाय खरचटला, पत्रा लागला, की वस्तीत पहिला उपाय घरातलाच होतो. कुणी हळद दाबते, कुणी दगडी पाला चुरून रस पिळते, कुणी कडुनिंबाचा पाला वाटून लावते. अलीकडे त्यात ट्यूबची भर पडली आहे. मेडिकलमध्ये, आठवडी बाजारात, मोबाइलवरच्या जाहिरातींत ‘शंभर टक्के हर्बल’, ‘जंतूंचा नायनाट’ असे छापलेली जेल मिळतात. शिवाय आपल्याच घरांतली डी.फार्म., बी.फार्म. शिकणारी मुलेमुली शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून कडुनिंबाचे, तुळशीचे, हळदीचे जेल तयार करतात. ती डबी घरी येते, सगळे कौतुकाने वास घेऊन पाहतात, आणि मग आजी विचारते, “बाळा, माझ्या पायाच्या जखमेला लावू का हे?”

हा प्रश्न लहान नाही. आपल्या वस्त्यांतली माणसे हातापायांवर पोट भरतात. सफाई कामगार, कचरा वेचणाऱ्या बाया, बिगारी, गवंडी, धुणीभांडी करणाऱ्या भगिनी यांना रोज काहीतरी लागतेच. जखम चिघळली की खाडा, खाडा झाला की मजुरी गेली. साखरेचा आजार असेल तर बोटाची जखम पाय कापण्यापर्यंत जाते. म्हणून या वेळी आम्ही पाल्यापासून जेल कसे तयार होते, ते खरेच जंतू मारते का, आणि आपल्या जखमेसाठी आपण काय करायचे, हे क्रमाने मांडत आहोत.

पाल्यात गुण आहे का?

आहे. यात शंका घेण्याचे कारण नाही. झाडाला पळता येत नाही. बुरशी, किडे, जिवाणू यांच्यापासून वाचण्यासाठी ते स्वतःच्या पानांत, सालीत, मुळांत कडू, तुरट, उग्र द्रव्ये साठवते. हळदीत कर्क्युमिन असते, कडुनिंबात निंबिडिन आणि निंबोलाइड, मेंदीच्या पानात लॉसोन, तुळशीत युजेनॉल. हेच युजेनॉल लवंगेतही असते, म्हणून दाढ दुखली की आपण लवंग धरतो.

हे ज्ञान जुने आहे. विनयपिटकातील महावग्गात औषधांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. आजारी भिक्खूंना कोणती औषधे वापरता येतील याची त्यात यादी आहे. मुळांमध्ये हळद आणि आले, पानांमध्ये आणि काढ्यांमध्ये कडुनिंब अशी नावे तिथे सापडतात.

पण जुने तेवढेच खरे, असेही नाही. दगडी पाल्याचेच पाहा. कुणी त्याला एकदांडी म्हणते, कुणी कंबरमोडी. बांधावर, रेल्वेच्या रुळांकडेला, पडक्या भिंतीजवळ पिवळ्या-पांढऱ्या फुलांची ही वनस्पती सगळीकडे दिसते. खेड्यातल्या माणसाला ती आजीच्या बटव्यातली वाटते. प्रत्यक्षात तिचे मूळ उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेत आहे. म्हणजे बाहेरून आलेले झाड आपल्या कष्टकरी माणसांनी पाहिले, लावून बघितले आणि वापरात आणले. परंपरा म्हणतो ती अशीच तयार झालेली असते. कुणीतरी कधीतरी पारखून पाहिलेले असते. आपण ती पारख पुढे न्यायची आहे.

हळदीची एक गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम बरी करण्याच्या उपायावर पेटंट देण्यात आले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, त्याला आव्हान दिले. डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळी परिषदेचे महासंचालक होते. हा उपयोग भारतात आधीपासून माहीत होता हे जुन्या लेखी पुराव्यांनी दाखवले गेले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र तिचा अर्थ नीट समजून घेऊ या. ‘हळदीने जखम बरी होते हे अमेरिकेने मान्य केले’ असे पुष्कळजण सांगतात. निकाल तसा नव्हता. हा उपयोग नवा नाही, म्हणून त्यावर कुणाची मालकी नाही, एवढेच तिथे ठरले. हळद किती लावावी, कोणत्या जखमेला लावावी, कोणाला लावू नये, हे पेटंट कार्यालय ठरवत नाही. ते प्रयोगशाळेत आणि रुग्णालयात ठरते.

पाल्याचा अर्क कसा काढतात?

आता प्रयोगशाळेत जाऊ. उदाहरण कडुनिंबाच्या पानांचे घेऊ.

पहिले काम ओळख पटवण्याचे. आणलेला पाला नेमका त्याच झाडाचा आहे असे वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून लिहून घेतात. एकाच नावाने दोन गावांत दोन वेगळी झुडपे ओळखली जातात, म्हणून ही पायरी गाळून चालत नाही.

नंतर पाने धुऊन सावलीत वाळवतात. उन्हात वाळवली तर काही द्रव्ये उडून जातात, काही बदलतात. वाळलेल्या पानांची भरड पूड करून ती अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणात काही दिवस भिजत ठेवतात. चहाची पत्ती पाण्यात रंग सोडते तसाच हा प्रकार. पाण्यात एक प्रकारची द्रव्ये उतरतात, अल्कोहोलमध्ये दुसऱ्या प्रकारची. नंतर गाळून, मंद उष्णतेवर अल्कोहोल उडवून टाकतात. खाली काळपट हिरवा, चिकट लगदा उरतो. तोच अर्क.

या अर्कात एक औषध नसते, शेकडो द्रव्ये असतात. शिवाय पावसाळ्यात तोडलेला पाला आणि उन्हाळ्यात तोडलेला पाला, कोवळे पान आणि जून पान, नागपूरचे झाड आणि कोकणातले झाड यांत द्रव्यांचे प्रमाण सारखे नसते. गोळीत पाचशे मिलिग्रॅम लिहिले की पाचशेच मिळते. पाल्याच्या मुठीत किती गुण आहे हे मूठ सांगू शकत नाही. अर्क काढून त्यातले मुख्य द्रव्य मोजण्याची धडपड याचसाठी असते.

बशीतली परीक्षा

आता अर्काची जंतूंशी गाठ घालून देतात. त्यासाठी पेट्री डिश नावाची झाकणाची उथळ बशी वापरतात. तिच्यात अगार नावाच्या समुद्री शेवाळापासून काढलेल्या पदार्थाची खीर ओतून ती वडीसारखी थिजवतात. ही जिवाणूंची भाकरी. तिच्यावर जिवाणू सारखे पसरतात. जखमेच्या औषधासाठी बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू घेतात. गळवे, पू, चिघळलेली जखम यांच्यामागे बऱ्याचदा हाच असतो. दर दहा माणसांमागे साधारण तिघांच्या नाकात तो काही त्रास न देता मुक्काम करून असतो आणि कातडी फाटली की आत शिरतो. दुसरा स्युडोमोनास. भाजलेल्या आणि जुनाट जखमांतला हा चिवट जिवाणू.

थिजलेल्या थरात लहान गोल खड्डे पाडून त्यांत अर्क टाकतात आणि बशी ३७ अंश सेल्सिअस तापमानाला, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेला, एक रात्र ठेवतात. सकाळी सगळी बशी जिवाणूंनी धुरकट झालेली असते. अर्क चालला असेल तर खड्ड्याभोवती स्वच्छ गोल चकती दिसते. तिथे जिवाणू वाढलेच नाहीत. चकती किती मिलिमीटर रुंद आहे ते पट्टीने मोजतात.

१९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी बुरशीभोवती अशीच मोकळी जागा पाहिली आणि त्यातून पुढे पेनिसिलिन मिळाले. पण तेही रुग्णाच्या अंगात पहिल्यांदा टोचायला १९४१ साल उजाडावे लागले. मधली वर्षे ते द्रव्य शुद्ध करण्यात, टिकवण्यात आणि पुरेसे बनवण्यात गेली.

बशीतल्या चकतीला फसवता येते, हेही माहीत असावे. अर्कात अल्कोहोल उरले असेल तर जिवाणू अल्कोहोलनेच मरतात आणि श्रेय पाल्याला जाते. म्हणून एका खड्ड्यात नुसते अल्कोहोल घालून तुलना करावी लागते. उलटही होते. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ते खड्ड्यातून बाहेर पसरत नाही आणि चकती लहान दिसते. म्हणून नुसती चकती मोजून थांबत नाहीत. कमीत कमी किती अर्काने जिवाणूंची वाढ थांबते तेही काढतात. इथे मोठा फरक कळतो. चालणाऱ्या अँटिबायोटिकला एका मिलिलिटरमध्ये थोडेच मायक्रोग्रॅम पुरतात. कच्च्या अर्काला बहुधा त्याच्या शेकडो पट लागते.

आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. स्टॅफिलोकॉकसवर जो अर्क चालतो तो स्युडोमोनासवर चालेलच असे नाही. स्युडोमोनासच्या अंगावर बाहेरून एक जादा पापुद्रा असतो आणि तो पुष्कळ द्रव्यांना आत येऊ देत नाही. त्यामुळे ‘सर्व जंतूंचा नायनाट’ असे लिहिलेले दिसले, की कोणत्या जंतूंचा, असे विचारावे.

अर्काचे जेल का करतात?

चिकट अर्क तसाच जखमेला फासता येत नाही. तो सारखा पसरत नाही, कपड्याला लागतो, वाळून तडकतो. जेलमध्ये पुष्कळसे पाणी असते. ते थंड लागते, तेलकट नसते, धुऊन निघते, आणि त्यातले द्रव्य कातडीवर एकसारखे बसते.

ते करण्याची रीत साधारण अशी. कार्बोपोल नावाची पांढरी पूड पाण्यात थोडी थोडी भुरभुरून ढवळतात आणि रात्रभर फुगू देतात. शंभर ग्रॅम जेलला ही पूड एक ग्रॅमच्या आसपास पुरते. दुसऱ्या दिवशी प्रॉपिलिन ग्लायकॉलमध्ये कालवलेला अर्क आणि जेल नासू नये म्हणून लागणारे परिरक्षक द्रव्य त्यात मिसळतात. शेवटी ट्रायइथॅनोलअमाइनचे थेंब सोडतात. कार्बोपोलचे पाणी आंबट असते. ही द्रव्ये एकत्र आली की आंबटपणा कमी होतो आणि पातळ मिश्रण पाहता पाहता घट्ट जेल होते.

मग त्याची परीक्षा सुरू होते. आपल्या कातडीचा स्वभाव किंचित आंबट आहे, जेल त्याच्या फार लांब असेल तर आग होते. जेल दोन काचांत दाबून किती सहज पसरते ते पाहतात. घट्टपणा यंत्राने मोजतात. ४० अंश तापमानाला आणि ७५ टक्के दमट हवेत सहा महिने ठेवून रंग, वास, घट्टपणा बदलतो का ते तपासतात. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात ट्यूबचे काय होते हे आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा ही परीक्षा किती गरजेची ते सांगायला नको. शेवटी जेल पुन्हा जिवाणूंच्या बशीत घालतात. या वेळी शेजारी अर्क नसलेले साधे जेल ठेवावेच लागते, कारण परिरक्षक द्रव्यही जिवाणू मारते.

मोबाइलवर पाहून घरी कोरफडीच्या गरात कडुनिंबाचा रस ढवळून जे ‘जेल’ करतात, त्यात यातले काहीच नसते. परिरक्षक नसलेल्या ओल्या गरात दोन-चार दिवसांतच जिवाणू आणि बुरशी वाढू लागतात. जंतू मारायला केलेले औषध जंतूंचे घर होते. कोरफडीचे पान कापल्यावर निघणारा पिवळा चीकही पुष्कळांच्या कातडीला झोंबतो.

बशी वेगळी, जखम वेगळी

बशीत जिवाणू आणि अर्क एवढेच असतात. जखमेत रक्त असते, पू असतो, मेलेले मांस असते. अर्कातली द्रव्ये त्यांनाच चिकटून वाया जातात. जुनाट जखमेत जिवाणू चिकट थराखाली एकत्र राहतात, तिथे औषध पोचत नाही. आणि जखम भरून काढणाऱ्या आपल्या नव्या पेशीही तिथेच असतात. जे द्रव्य जिवाणूला मारते ते या कोवळ्या पेशींनाही मारू शकते. म्हणून बशीत पास झालेले पुष्कळ अर्क पुढे औषध होत नाहीत.

पण काही होतात. भूर्ज वृक्षाची साल आपल्याला माहीत आहे. तिच्यावर पूर्वी ग्रंथ लिहीत, गांधार प्रदेशातली अतिप्राचीन बौद्ध हस्तलिखिते भूर्जपत्रांवरच मिळाली आहेत. त्याच जातकुळीतल्या युरोपातल्या झाडांच्या सालीचा अर्क सूर्यफुलाच्या तेलात मिसळून एक जेल तयार झाले. एपिडर्मोलायसिस बुलोसा नावाच्या जन्मजात आजारात कातडी इतकी नाजूक असते की नुसत्या घासण्यानेही फोड येऊन सोलते. अशा रुग्णांच्या जखमांसाठी हे जेल युरोपात २०२२ साली आणि अमेरिकेत २०२३ च्या डिसेंबरात मंजूर झाले. ते जंतू मारण्यासाठी नाही, जखम भरण्यासाठी आहे. तरी अर्कापासून औषधापर्यंतची वाट कशी असते हे त्यातून दिसते.

त्याची चाचणी २२३ रुग्णांवर झाली. काहींना अर्काचे जेल दिले, काहींना अर्क नसलेले तसेच दिसणारे जेल. कोणाला कोणते मिळाले हे रुग्णांनाही माहीत नव्हते. ठरवून दिलेली जखम ४५ दिवसांत पूर्ण भरली अशांचे प्रमाण अर्काच्या जेलने शंभरात सुमारे ४१, आणि साध्या जेलने सुमारे २९ होते.

हे दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. अर्काने फायदा झाला हे खरे. पण अर्क नसतानाही शंभरातल्या २९ जणांची जखम भरली, हेही तितकेच खरे. जखम भरण्याचे मूळ काम शरीर करते. स्वच्छ, झाकलेल्या, ओलसर जखमेत ते आपोआप चालू राहते. ‘मी अमुक पाला लावला आणि बरे वाटले’ असे कुणी सांगते तेव्हा ती व्यक्ती खोटे बोलत नसते. पण पाला लावला नसता तर काय झाले असते, हे तिला माहीत नसते. ते कळण्यासाठीच दुसरा गट लागतो.

पाला थेट लावण्यातला धोका

बांधावरून तोडलेला, पायाखालच्या मातीचा, जनावरांच्या शेणामुताजवळचा पाला आपण दगडावर ठेचतो आणि उघड्या जखमेत भरतो. धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू माती आणि शेणातच असतात. ते वाळून वर्षानुवर्षे टिकतात. पाण्याने पाला खंगाळला तरी ते सगळे निघतील याची खात्री नाही. खोल, झाकलेल्या, हवा न लागणाऱ्या जखमेत ते जागे होतात. धनुर्वात झाला की जबडा आवळतो, अंग ताठते आणि मोठ्या रुग्णालयातही माणूस वाचवणे अवघड जाते. पाल्याचा गुण जंतू मारण्याचा असला तरी पाल्यासोबत येणारी माती जीव घेऊ शकते.

हळदीचेही तसेच. किराणा दुकानातली पूड खाण्यासाठी दळलेली असते, जखमेसाठी निर्जंतुक केलेली नसते. पिवळा रंग उठावदार दिसावा म्हणून तिच्यात मेटॅनिल यलो किंवा शिसे असलेला लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार पकडले गेले आहेत. शिवाय पुडीचा थर बसला की खाली पू धरला आहे का, हे डॉक्टरांना दिसत नाही.

तंबाखू, चुना, राख, शेण, टूथपेस्ट, रॉकेल, बॅटरीतली काळी पूड यांपैकी काहीही जखमेवर किंवा भाजल्यावर लावू नये.

ट्यूब विकत घेताना

ट्यूबवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख आहे का ते पाहा. आयुर्वेदिक औषधालाही परवाना लागतो. यातले काही नसेल तर ती ट्यूब कितीही स्वस्त असो, घेऊ नका. ‘सात दिवसांत साखरेची जखम गायब’ अशी हमी देणाऱ्यापासून लांब राहा. संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

खाज, नायटा, जखम, डाग या सगळ्यांना एकच ट्यूब देणारे दुकानदार आपल्या वस्तीत कमी नाहीत. त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असते. नावात क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन असे शब्द दिसले तर ते स्टेरॉइड समजा. त्याने लाली आणि खाज पटकन कमी होते, पण कातडीची झुंजण्याची ताकदही कमी होते. जखम भरत नाही, नायटा आत पसरतो, कातडी कागदासारखी पातळ होते. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत.

अँटिबायोटिक मलमाचीही तीच गोष्ट. लहानसहान खरचटण्याला रोज लावत राहिले की जिवाणू त्याला सरावतात. २०१९ या एका वर्षात जगभरात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला. वनस्पतींच्या अर्कांकडे शास्त्रज्ञ पुन्हा वळले आहेत ते याच काळजीने. हाताशी असलेली औषधे एकेक करून निकामी होत आहेत, नवी हवी आहेत.

जखम झाली तर काय करावे?

१. आधी आपले हात साबणाने धुवा. स्वच्छ कापडाने जखम दहा मिनिटे न उचलता दाबून धरा. रक्त थांबले नाही तर दाबून धरूनच दवाखाना गाठा.

२. वाहत्या पिण्याच्या पाण्याने जखम धुवा. आजूबाजूची कातडी साबणाने धुवा. माती, खडी, काच निघाली पाहिजे. जंतू घालवण्याचे निम्म्याहून अधिक काम हे धुणेच करते.

३. पोव्हिडोन आयोडीनचे तपकिरी मलम सरकारी दवाखान्यात मिळते. ते पातळ लावून स्वच्छ धुतलेल्या, उन्हात वाळवलेल्या सुती कापडाची किंवा गॉजची पट्टी बांधा. पट्टी रोज बदला, भिजली तर लगेच बदला.

४. जखम मोठी, खोल किंवा मळलेली असेल आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर त्याच दिवशी घ्या. शेवटचे कधी घेतले ते आठवत नसेल तरीही डॉक्टरांना विचारा. सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत ते मिळते.

५. भाजले तर लगेच वीस मिनिटे नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली धरा. बर्फ नको, पाला नको, पेस्ट नको.

६. कुत्रा किंवा मांजर चावले, ओरखडले, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. मिरची, हळद, चुना भरण्यात वेळ घालवू नका. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर इलाज नाही.

७. जखमेभोवतीची लाली पसरते आहे, ताप आला, घाण वास येतो, लाल रेघ वर चढते आहे, ठणका वाढतो आहे, जबडा ताठतो आहे, किंवा दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर घरचा कोणताही उपाय थांबवून डॉक्टरांकडे जा.

८. साखरेचा आजार असलेल्यांनी रोज रात्री तळपाय पाहावेत. स्वतःला दिसत नसेल तर घरातल्या मुलांनी पाहावेत. पायाला मुंग्या येतात किंवा संवेदना नसते अशांना जखम दुखतही नाही. त्यांनी कोणतेही जेल स्वतःच्या मनाने लावू नये.

फार्मसी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी

ज्या घरात पहिल्यांदाच कुणी प्रयोगशाळेत पाऊल ठेवले आहे, त्या घरातल्या मुलांना आम्ही दोन शब्द सांगू इच्छितो. तुमचा प्रकल्प गुणांसाठी आहे, हे ठीक आहे. तरी तो असा करा की त्यातून काही कळेल. पाल्याची ओळख पटवून घ्या. एका खड्ड्यात नुसता द्रावक, एकात नुसते साधे जेल आणि एकात नेहमीचे अँटिबायोटिक ठेवा. प्रयोग निदान तीनदा करा. चकती मिळाली नाही तर तेही लिहा. ‘चालत नाही’ हे कळणे हासुद्धा निकाल आहे, त्याने दुसऱ्याचे श्रम वाचतात. आणि आजीच्या जखमेवर प्रयोग करू नका. आजीला दवाखान्यात न्या.

वस्तीत कुणी शिबिर लावून नवे जेल ‘मोफत चाचणीसाठी’ वाटत असेल तर सगळ्यांनीच सावध राहावे. माणसांवर चाचणी करायची तर नीतिशास्त्र समितीची परवानगी लागते आणि चाचणीची भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंद असावी लागते. आपल्याला समजेल अशा मराठीत सगळे सांगून सही घ्यावी लागते. इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, हे त्या कागदावर लिहिलेले असावे. मधेच नाही म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे. कागद दाखवत नसतील तर हात पुढे करू नका. फुकट मिळते म्हणून आपले अंग प्रयोगाला देऊ नये.

तर आजीच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. झाडपाल्यात गुण आहे, त्यापासून औषध होऊ शकते, आणि ते करणारे हात उद्या आपल्या वस्तीतले असू शकतात. पण प्रकल्पाच्या डबीतले जेल अजून बशीपर्यंतच पोचले आहे. ते आजीच्या पायापर्यंत येण्यासाठी मधल्या सगळ्या पायऱ्या चढून आले पाहिजे. तोवर साबण, स्वच्छ पाणी, स्वच्छ पट्टी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन यांवर भरवसा ठेवा. हे पान कापून घरात, विहारात, मंडळाच्या फलकावर लावा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.